४४३ नाबाद : भाऊसाहेब आणि रावसाहेब निंबाळकरांबद्दल बोलूया

उत्तरेश्वरकर

मंडळी, गेल्या रविवारी शास्त्रीनगर मैदानावर चौदा वर्षांखालच्या पोरांची मॅच होती. मी तिथं बरीच वर्षं स्कोअरर म्हणून बसतो. जेवणाच्या सुट्टीत पोरं माझ्या टेबलाभोवती जमली आणि रणजीत सगळ्यात मोठा डाव कुणाचा यावर वाद सुरू झाला. एकजण म्हणाला पृथ्वी शॉ, ३७९. मी म्हटलं, त्याच्याही वर एकजण आहे आणि तो आपल्या कोल्हापूरचा आहे. नाव सांगा. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एका पोरानं विचारलं, "ते का, ज्यांना शेवटच्या दहा धावा करू दिल्या नाहीत ते?"

तेवढंच त्याला माहीत होतं. नाव नाही, आकडा नाही. जे झालं नाही, तेवढं मात्र ठाऊक.

घरी आलो तरी ते डोक्यातून जाईना. म्हणून हा धागा.

भाऊसाहेब बाबासाहेब निंबाळकर. जन्म १२ डिसेंबर १९१९, कोल्हापूर. वारले ११ डिसेंबर २०१२ ला, तेही कोल्हापुरातच, ९३ व्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. १९३९-४० च्या मोसमात बडोद्याकडून सुरुवात केली आणि थेट १९६४-६५ पर्यंत खेळत राहिले. म्हणजे पंचवीस वर्षं. प्रथम श्रेणीचे ८० सामने, ४८४१ धावा, सरासरी ४७.९३, शतकं १२. मध्यमगती गोलंदाजीवर ५८ बळी, आणि वेळ पडली तर ग्लोव्हज घालून यष्टींमागंही उभे. कसोटी एकही नाही.

आता तो डाव. १६ ते १८ डिसेंबर १९४८, पुणे, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड. काठियावाड २३८ वर आटोपलं. महाराष्ट्राची ८१ वर पहिली विकेट गेली आणि भाऊसाहेब आत आले. दुसऱ्या दिवसाअखेर ते ३०१ वर नाबाद होते. तिसऱ्या दिवशी मध्यंतराला महाराष्ट्र ४ बाद ८२६ आणि भाऊसाहेब ४४३ वर. ऑस्ट्रेलियाच्या ब्रॅडमनचा ४५२ चा जागतिक विक्रम मोडायला दहाच धावा हव्या होत्या. काठियावाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकूरसाहेब, म्हणाले की डाव घोषित करा, नाहीतर आम्ही निघालो. महाराष्ट्राकडून दोन षटकं मागितली गेली, तीही मिळाली नाहीत असं सांगतात. काठियावाडनं सामना सोडला आणि स्टेशन गाठलं.

आपण सगळे ही गोष्ट इथून सुरू करतो आणि इथंच संपवतो. मला त्याआधीचे ४९४ मिनिट हवे आहेत. ४९ चौकार आणि एक षटकार. स्कोअरर असल्यामुळं मी सहज बेरीज केली. चौकारांचे १९६, षटकाराचे ६, झाले २०२. उरले २४१. हे दोनशे एक्केचाळीस त्यांनी पळून काढले आहेत. एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत ५८ फूट. मीटरमध्ये करून बघा, सव्वाचार किलोमीटरच्या वर जातं. रंकाळ्याची जवळजवळ एक पूर्ण फेरी, पायाला पॅड बांधून, हातात बॅट घेऊन, दर अठरा मीटरला थांबून आणि वळून.

हे पोरांना सांगायचं राहून गेलं. तुम्हाला या दोघा भावांबद्दल जे ठाऊक असेल ते लिहा. रावसाहेबांबद्दल तर जरूर लिहा.

गंगावेस

दादा, लई भारी काम केलासा. आमच्याकडं खेळाडू म्हटलं की पैलवान न्हाईतर फुटबॉलवाला. पेठेत कुणालाबी विचारा, खाशाबांचं हेलसिंकी १९५२ पाठ असतंय. खासबाग कुणी बांधलं ते पाठ असतंय. ह्यो माणूस आपल्याच गावात ब्याण्णव वर्षं जगला, आणि मला त्याचं नाव नोकरीसाठी परगावी गेल्यावर एका बंगाली मित्रानं सांगितलं. त्या दिवशी मान खाली गेली हो.

आकडेमोड

उत्तरेश्वरकर, रंकाळ्याची फेरी डोळ्यांसमोर उभी राहिली. थोडी भर घालतो.

प्रथम श्रेणीत चारशेच्या वरचे डाव आजही मोजके आहेत. ब्रायन लारा ५०१ नाबाद, हनीफ मोहम्मद ४९९, ब्रॅडमन ४५२ नाबाद, आणि चौथे आपले भाऊसाहेब. त्यांच्या खाली पॉन्सफर्ड (दोनदा), आफताब बलोच, मॅक्लॅरेन, नॉर्थईस्ट, हिक आणि पुन्हा लाराचे कसोटीतले ४००. भारतातून एकच नाव. शॉचे ३७९ जानेवारी २०२३ मधले, आसामविरुद्ध. त्याआधी दुसऱ्या क्रमांकावर संजय मांजरेकर, ३७७. म्हणजे दुसरी जागा बदलली, पहिली पंचाहत्तर वर्षांहून जास्त काळ जिथल्या तिथं आहे.

एक दुरुस्ती, कारण हे वाक्य सगळीकडं फिरत असतं. "चारशे करूनही कसोटी न खेळलेला जगातला एकमेव फलंदाज" असं भाऊसाहेबांबद्दल लिहितात. ते २०२२ पर्यंत खरं होतं. त्या वर्षी जुलैत ग्लॅमॉर्गनच्या सॅम नॉर्थईस्टनं लीस्टरला नाबाद ४१० केले, आणि तोही कसोटी न खेळलेला. त्यामुळं आता "एकमेव" म्हणू नये.

आणि दहा धावांचं म्हणाल तर, त्या झाल्या असत्या तर विक्रम किती काळ टिकला असता हेही बघा. हनीफनं ब्रॅडमनला मागं टाकलं जानेवारी १९५९ मध्ये. म्हणजे दहा वर्षं जगातला सर्वोच्च डाव कोल्हापूरच्या माणसाच्या नावावर राहिला असता.

त्याच १९४८ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर ब्रॅडमन शून्यावर बाद झाला आणि शंभरची सरासरी चार धावांनी हुकली. चार महिन्यांनी पुण्यात त्याच्या विक्रमापासून दहा धावांवर हे थांबले. ब्रॅडमननं नंतर पत्र पाठवून हा डाव माझ्या डावापेक्षा सरस आहे असं कळवलं, असं सांगितलं जातं. मला तरी ही गोष्ट खरी असावी असं मनापासून वाटतं.

डेक्कनवाला

पुण्याकडून एक नाव घ्यायलाच हवं. समोरच्या टोकाला कमल भांडारकर होते. २०५ धावा. दोघांची दुसऱ्या विकेटसाठीची भागीदारी ४५५ ची, आणि ती त्या वेळी दुसऱ्या विकेटची जगातली सर्वोच्च होती. पुढं भांडारकरांनी पुण्यात पोरं घडवली, आमच्या वडिलांच्या पिढीतले कितीतरी जण त्यांचं नाव आदरानं घ्यायचे. आज ४४३ च्या गोष्टीत ते कुठंच नसतात. दुसऱ्या टोकाला दोनशे करणारा माणूस नसता तर ४४३ कुठून येणार होते?

जाता जाता महाराष्ट्राचीच दुसरी आठवण. २०१६ मध्ये दिल्लीविरुद्ध वानखेडेवर स्वप्निल गुगळे नाबाद ३५१ आणि अंकित बावणे नाबाद २५८. भागीदारी ५९४ वर, जागतिक विक्रम संगकारा-जयवर्धनेचा ६२४. बरोबरीला तीस धावा हव्या होत्या, आणि कर्णधार गुगळेनंच डाव घोषित केला. तिथं थांबायचं की नाही हे ठरवणारा स्वतः क्रीजवर उभा होता. भाऊसाहेबांच्या हातात ते नव्हतं. मला या दोन प्रसंगांतला हा फरक फार मोठा वाटतो.

सुमतीची लेक

रावसाहेबांबद्दल मी लिहिते. माझी धाकटी लेक यष्टिरक्षण करते, त्यामुळं या माणसावर माझा आधीपासून जीव आहे.

रावसाहेब थोरले, १९१५ चे. यष्टिरक्षक-फलंदाज, महाराष्ट्र आणि बडोद्याकडून खेळले. भाऊसाहेबांची प्रथम श्रेणीतली सुरुवात बडोद्याकडून झाली, आणि पुढं थोरल्यांचंही नाव बडोद्याशी जोडलं गेलं, हे ध्यानात घ्या. त्या काळी कोल्हापूरचा मुलगा क्रिकेटवर जगायचं ठरवी तेव्हा त्याला आश्रय शोधावाच लागे. तो आश्रय म्हणजे संस्थानं. बडोदा, होळकर, नवानगर. नोकरी द्यायची, हुद्दा द्यायचा आणि संघातून खेळवायचं. सी. के. नायडू होळकरांच्या फौजेत कर्नल होते ते काही लढाईसाठी नव्हे.

१९४६ साली थोरल्या पतौडींच्या नेतृत्वाखाली भारताचा संघ इंग्लंडला गेला. महायुद्धानंतरचा पहिला दौरा. त्या सोळा जणांत रावसाहेब होते. विजय मर्चंट, हजारे, मुश्ताक अली, विनू मंकड, सरवटे, सोहोनी, सदू शिंदे यांच्याबरोबर. पण यष्टिरक्षक दोन, जागा एक. तिन्ही कसोट्या दत्ताराम हिंदळेकर खेळले. मँचेस्टरला शेवटची जोडी म्हणून सोहोनी आणि हिंदळेकरांनी अखेरची तेरा मिनिटं खेळून काढली आणि कसोटी वाचवली, तो प्रसंग सगळ्यांना माहीत असतो. त्या तेरा मिनिटांत दुसऱ्या यष्टिरक्षकाच्या मनात काय चाललं असेल, हे मला वाटतं फक्त दुसरा यष्टिरक्षकच सांगू शकेल.

माझी मुलगी मागच्या वर्षी एका स्पर्धेत अशीच पूर्णवेळ बाहेर होती. रोज सकाळी किट बांधायची, बोटांना टेप लावायची, सराव करायची आणि मॅच सुरू झाली की पाण्याच्या बाटल्या घेऊन बसायची. शेवटच्या दिवशी घरी आली आणि टेप न काढताच जेवायला बसली. मी काढू लागले तर म्हणाली, "राहू दे, उद्या सराव आहे." तेव्हा मी तिला रावसाहेबांचं सांगितलं. इंग्लंडपर्यंत गेलेले, महिनोन् महिने तिथं राहिलेले, काउंटी संघांविरुद्ध खेळलेले, आणि कसोटीविना परतलेले. ते परतले आणि पुढंही खेळत राहिले.

एका घरातले दोन भाऊ. एक कसोटीच्या दारापर्यंत जाऊन आला, दुसऱ्याला त्या दारापर्यंतही कुणी नेलं नाही. आपण दरवेळी फक्त धाकट्याची हळहळ करतो.

उत्तरेश्वरकर

ताई, हे वाचून मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. लेकीला माझा नमस्कार सांगा. या गावातून अनुजा पाटील भारताकडून टी-ट्वेन्टी खेळून आली, तुमच्या लेकीलाही तो रस्ता मोकळा आहे.

डेक्कनवाला, भांडारकरांचं बरोबर बोललात. माझ्याकडून राहिलं होतं.

राजारामपुरी

माझं मत थोडं वेगळं आहे, राग मानू नका. काठियावाडची गोलंदाजी त्या काळातली सगळ्यात तगडी नक्कीच नव्हती. आणि पुण्यात त्या मोसमात धावांचा नुसता पूर आला होता. त्याच मोसमात मार्च १९४९ मध्ये मुंबई-महाराष्ट्र उपांत्य सामना पुण्यातच झाला. मुंबई ६५१ आणि ८ बाद ७१४, महाराष्ट्र ४०७ आणि ६०४. एकूण २३७६ धावा, प्रथम श्रेणीतला तो आजही उच्चांक आहे. अशा खेळपट्ट्यांवरचा एक डाव बघून निवड समितीनं हुरळून जायचं नाही असं ठरवलं असेल, तर ते मला अगदीच चुकीचं वाटत नाही. हजारे, मोदी, अमरनाथ, फडकर, उमरीगर, अधिकारी एवढी माणसं रांगेत होती. बसवायचं तरी कुठं?

आकडेमोड

राजारामपुरी, राग कशाचा, मुद्दा रास्त आहे. खेळपट्टी फलंदाजांची होती हे खरंच. पण तारखा शेजारी-शेजारी मांडून बघा.

त्या हिवाळ्यात गोडार्डचा वेस्ट इंडिज संघ भारतात होता. दुसरी कसोटी मुंबईत १३ डिसेंबरला संपली. १६ ते १८ डिसेंबर पुण्यात हा डाव. तिसरी कसोटी कोलकात्यात ३१ डिसेंबरला सुरू झाली. म्हणजे देशातल्या कुणीही कधी केला नव्हता एवढा डाव एका माणसानं केला आणि तेरा दिवसांनी कसोटी होती. त्यानंतर मद्रासला आणि पुन्हा मुंबईला, अशा आणखी दोन. या तिन्हींपैकी एकाही कसोटीत भाऊसाहेबांचं नाव नाही.

आणि "एक डाव" हे मला पटत नाही. पंचवीस वर्षांच्या कारकिर्दीत ४७.९३ ची सरासरी एका डावावर उभी राहत नाही. ते ४४३ बाजूला काढले तरी उरलेल्या आकड्यांत चाळिशीच्या वरचा फलंदाज उरतो, वर ५८ बळी. पुढं होळकरांकडून खेळताना त्यांच्या भोवती नायडू, मुश्ताक अली, सरवटे असे लोक होते. तो संघ १९५२-५३ ला रणजी विजेता ठरला. अशा संघात कुणी दयेनं जागा देत नाही. होळकर संघ मोडल्यावरही ते थांबले नाहीत, राजस्थानकडून खेळले, रेल्वेकडून खेळले. पंचेचाळिशीपर्यंत.

जागा नव्हती हे समजू शकतो. पण एकदाही नाही, हे मला अजून समजलेलं नाही.

राजारामपुरी

तारखांचा हिशेब माझ्या ध्यानात नव्हता. तेरा दिवस म्हणजे शाई वाळायच्या आतच की. मान्य.

शाहूपुरी जुनी गल्ली

वय झालंय, टंकायला वेळ लागतो, पण हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

माझे वडील १९४८ साली शाहूपुरीत एका गुळाच्या अडतीवर दिवाणजी होते. डिसेंबर म्हणजे गुऱ्हाळं जोरात, रात्री उशिरापर्यंत गाड्या उतरायच्या. अडतीच्या दारात एक काळी पाटी असायची, तिच्यावर रोजचे भाव खडूनं लिहायचे. पुण्याची बातमी वर्तमानपत्रातून आली त्या सकाळी वडिलांनी पाटीच्या वरच्या कोपऱ्यात चौकट आखून आत मोठ्या अक्षरांत ४४३ लिहिलं. खाली काही नाही. भाव त्याच्या खाली सुरू.

दिवसभर खेड्यातनं येणारे शेतकरी विचारायचे, दिवाणजी, हा कसला आकडा? वडील सांगायचे, आपल्या गावच्या निंबाळकरांचा. बहुतेकांना क्रिकेट म्हणजे काय तेच ठाऊक नव्हतं. पण आपल्या गावचा म्हटल्यावर ते पाटीकडं परत बघायचे. एकानं विचारलं म्हणे, "आणि बाद झाला न्हाई?" वडील म्हणाले, "न्हाई." तो म्हातारा म्हणाला, "मग झालं की."

कोल्हापूर तेव्हा अजून संस्थान होतं, विलीनीकरण पुढं १ मार्च १९४९ ला झालं. ती पाटी कितीतरी आठवडे तशीच होती असं आई सांगायची. रोज भाव पुसायचे, नवे लिहायचे, पण वरची चौकट कुणी पुसत नव्हतं.

दहा धावा कमी पडल्या हे मला शाळेत गेल्यावर कळलं. आमच्या घरात तो आकडा कधी कमी नव्हताच.

गंगावेस

काका, डोळ्यात पाणी आणलंसा. ह्ये कुठंतरी छापून यायला पायजे.

सुमतीची लेक

काका, "मग झालं की" हे मी लेकीच्या किटबॅगवर लिहून देणार आहे. तुमची परवानगी आहे असं धरते.

शाहूपुरी जुनी गल्ली

अवश्य लिही बाळ. वडिलांना आनंद झाला असता.

डेक्कनवाला

२००२ मध्ये क्रिकेट मंडळानं भाऊसाहेबांना सी. के. नायडू जीवनगौरव पुरस्कार दिला, त्याचीही नोंद इथं असू दे. ज्या नायडूंच्या होळकर संघातून खेळले, त्यांच्याच नावाचा पुरस्कार. वयाच्या त्र्याऐंशीच्या उंबरठ्यावर का होईना, मिळाला.

उत्तरेश्वरकर

या रविवारचं सांगतो.

मॅच पावसाच्या सरीमुळं लवकर थांबली, पण मॅटिंग झाकलेलं असल्यानं बाजूचं नेट कोरडं होतं. मी पोरांना म्हटलं, आज २४१ धावा पळायच्या. बॅट घेऊन, पॅड घालून, जोडीजोडीनं. चेंडू नाही, फक्त धावा. मोजायला मी आणि माझं स्कोअरबुक.

पहिल्या जोडीनं झपाट्यानं वीस काढल्या आणि पॅडचे पट्टे सैल झाले. दुसऱ्या जोडीतला एकजण वळताना घसरला, बॅट क्रीजच्या अलीकडंच राहिली. मी ती धाव धरली नाही, तर बाकीच्यांनी आरडाओरडा केला, मग त्यानंच हात वर करून कबूल केलं. साठच्या पुढं गेल्यावर बोलणं बंद झालं. शंभरला एकानं विचारलं, "एकट्यानं?" मी म्हटलं, एकट्यानं. पुस्तकात मी एकेक धाव एकेका आकड्यानं लिहीत गेलो. फलंदाजापुढचा रकाना केव्हाच भरला, खालच्या दोन नावांच्या ओळीही भरल्या, शेवटी पानाच्या समासात लिहावं लागलं. १९४८ च्या त्या स्कोअररनं काय केलं असेल हा विचार तेव्हा पहिल्यांदा माझ्या मनात आला.

बारा पोरं होती, आळीपाळीनं पळून पाऊण तासाच्या वर लागला. २४१ झाल्यावर सगळी गवतावर आडवी पडली. मी त्यांना शाहूपुरीच्या काकांची पाटी सांगितली, रावसाहेबांचा १९४६ चा दौरा सांगितला, भांडारकरांचे २०५ सांगितले.

गेल्या रविवारी "दहा धावा करू दिल्या नाहीत ते का" म्हणणारं पोरगं आडवं पडूनच ऐकत होतं. ते उठून बसलं आणि म्हणालं, "काका, पण भांडारकरांच्या धावा पण त्यांना पळाव्या लागल्या असतील की. समोरच्याच्या धावांना आपण पळतोच ना."

मी पुस्तक उघडून बसलो होतो, पण याचं उत्तर माझ्याकडं लिहिलेलं नव्हतं. भांडारकरांचे चौकार किती ते मला ठाऊक नाही. मी तसं सांगितलं.

त्यानं पॅडचे पट्टे पुन्हा आवळले आणि शेजारच्याला म्हणाला, "चल, अजून शंभर तरी धरू."